अण्णा थांबायचे

जोतीअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत आठवीच्या नकाशावह्या तपासत होते. एका पठ्ठ्यानं कोयना नदी कऱ्हाडला पोचायच्या आधीच संपवून टाकली होती आणि त्याला काय शेरा लिहावा याचा मी विचार करत होते. फोन रेखाताईंचा होता. सांगलीजवळ कुपवाडला बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांसाठी एक कार्यशाळा आहे, ती त्या चालवतात. माझा धाकटा भाऊ अवी गेली सतरा वर्षं तिथं कामाला जातो, आणि आई गेल्यापासून तिथल्याच निवासात राहतो. जोतीअण्णा तिथले मदतनीस. "सकाळी चहा पिता पिताच गेले," रेखाताई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "अवीला अजून सांगितलेलं नाही. दारात बसून राहिलाय. तुम्ही येईपर्यंत अण्णा गावाला गेलेत असं सांगू का?"

'सांगा' हा शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. किती सोयीचा शब्द... पण तो मी सहा वर्षांपूर्वी एकदा वापरून बघितला होता आणि त्याचं काय झालं ते मला आणि अण्णांना पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "नको. काहीच सांगू नका. मी येते." वह्यांचा गठ्ठा तसाच टाकला, मुख्याध्यापकांना दारातूनच सांगितलं आणि सांगलीची एसटी धरली. तीन तासांच्या त्या प्रवासात मला रडू आलं नाही. मला एकच प्रश्न पडला होता, आणि तो अण्णांचा नव्हता, अवीचा होता. माझ्या तोंडून ही गोष्ट ऐकल्यावर तो माझ्यावर विश्वास ठेवेल का?

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका शर्टाशी झटापट करताना. अवी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. लहानपणी थोडे दिवस शाळा झाली, मग शाळेनं हात वर केले, आणि पुढची वीस वर्षं तो आईच्या मागेमागे विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत फिरत राहिला. मीच आईच्या मागं लागून त्याला कार्यशाळेत घेऊन गेले होते. आत गेलो तर खिडकीशी एका बुटक्या स्टुलावर पन्नाशीच्या आसपासचा एक दणकट माणूस बसलेला. दोन्ही हातांत वेल्डिंगचे जाडजूड चामडी हातमोजे, मांडीवर कुणा बाईमाणसाचा फुलाफुलांचा शर्ट, आणि हा त्याची बटणं लावायला बघतोय! घामाघूम झालेला. आम्हाला बघून उठला नाही की मोजे काढले नाहीत. "आवं बसा ताई. जरा अडकलोय," एवढंच म्हणाला. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, "आमची सुनीता हाय, तिला बटान लावाय शिकवायचंय. तिच्या बोटास्नी किती जड जात असंल, ते आदी बघतोय." मग बटणाकडं रोखून बघत स्वतःशीच पुटपुटला, "खालनं वर घेटलं तर सोपं जातंय... का असंल बरं?"

'का असंल बरं?' हे अण्णांचं पालुपद होतं. पुढच्या सतरा वर्षांत मी ते किती वेळा ऐकलं याची गणती नाही. त्यांचं शिक्षण नववीपर्यंत. कुपवाडच्याच एका फाउंड्रीत वीस-बावीस वर्षं काढली, ती बंद पडल्यावर कार्यशाळेची गाडी चालवायला म्हणून आले. गाडीतून माणसं उतरवून घेता घेता आत रेंगाळायला लागले आणि हळूहळू गाडी दुसऱ्याकडं गेली, अण्णा आतच राहिले. कागदावर त्यांचं पद 'काळजीवाहक' असं होतं. त्याची ते मनापासून थट्टा करायचे. "म्या कुनाची काळजी वाहत न्हाई ताई. म्या नुसता बसतो." आणि ते खरंच बसायचे. त्या बुटक्या स्टुलावर, समोरच्याच्या हातांच्या उंचीवर डोळे येतील असे.

तिथं आसपासच्या कारखान्यांचं पॅकिंगचं काम येतं. एका पाकिटात बारा बोल्ट, बारा नट. अवीला आकडे चारपर्यंत येतात, त्यानंतर थेट 'लय'. आमच्या आईनं पुढचे आकडे शिकवण्यात वीस वर्षं आणि पुष्कळ धपाटे घालवले होते. अण्णांनी आठवडाभर नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि एक लाकडी फळी आणली, बारा खड्डे पाडलेली. खड्ड्यात एकेक बोल्ट ठेवायचा, सगळे खड्डे भरले की फळी पाकिटात उलटी करायची. झालं. बारा म्हणजे किती हे अवीला आजही माहीत नाही, पण त्याचं पाकीट कधी अकराचं निघालं नाही. आईनं ती फळी पाहिली तेव्हा ती हसली आणि मग तिथंच भिंतीकडं तोंड करून रडली. वीस वर्षं उगीच मारलं गं पोराला, असं म्हणत होती. अण्णा म्हणाले, "आवं काकी, तुमच्याकडं सुतार कुठं हुता?"

आता एवढं वाचून कुणाला वाटेल की अण्णा म्हणजे अगदी देवमाणूस. तसं अजिबात नव्हतं. ते हट्टी होते, तंबाखू खायचे आणि रेखाताईंशी दर महिन्याला एकदा तरी कडाक्याचं भांडायचे. प्रत्येकाच्या प्रगतीचा अहवाल भरायचा असतो, त्यात अण्णा सगळ्या रकान्यांत 'हाय' असं लिहायचे. हस्तकौशल्य: हाय. सामाजिक वर्तन: हाय. रेखाताई कपाळाला हात लावायच्या. चुकायचेही. अवी कार्यशाळेत पोहे खात नाही म्हणून सहा महिने त्यांनी त्याच्यासाठी घरून भाकरी आणली. शेवटी कळलं की पोह्यांशी त्याचं वैर नव्हतंच, स्टीलच्या ताटलीवर चमचा घासला की जो आवाज होतो तो त्याला सोसत नव्हता. हातानं खायला दिल्यावर दोन बशा संपवल्या! हे सांगताना अण्णा टाळी द्यायचे. "सा म्हैने चुकलो की ताई!" स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्हा शिक्षकांना तर चूक सापडली की लाल शाई सुचते.

त्यांचं आणि माझं खरं भांडण थांबण्यावरून. मी घाईची बाई. दुसऱ्याचं वाक्यसुद्धा मीच पुरं करते, माझे विद्यार्थी त्याला वैतागलेले आहेत. अवीला बुटाची नाडी बांधायला अण्णा शिकवत होते तेव्हा दर दुसऱ्या शनिवारी मी तिथं असायची. अवी नाडीची दोन टोकं हातात धरून बसलेला, अण्णा समोर स्टुलावर, दोघंही गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं... नाडी निसटायची, अवी पुन्हा धरायचा. माझे हात शिवशिवायचे. मी पुढं वाकले की अण्णा अवीवरची नजर न हलवता माझं मनगट धरायचे. "थांबा, ताई." मी चिडून एकदा म्हणाले, अहो पण तो दमलाय. तर म्हणाले, "त्यो दमला न्हाई. दमलायसा तुमी." अकरा महिन्यांनी अवीनं नाडी बांधली. वेडीवाकडी, पण त्याची त्यानं. त्या दिवशी तो बूट घालूनच झोपला.

मग आई वारली. मार्चचा शेवट होता, दवाखान्यात दोन दिवस काढले आणि संपलं. अवी त्या वेळी शेजाऱ्यांकडं होता. आम्ही तिला घरी आणलं, नेलं, आणि त्याला दाखवलं नाही. मावशी म्हणाली, "त्याला काय कळतंय, उगीच गोंधळ घालील," आणि मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आई?" मी म्हणाले, कोरेगावला गेलीय, मामाकडं. कोरेगाव हे आईचं माहेर. वाक्य इतकं सहज निघालं की मला स्वतःलाच खरं वाटलं. मी रजा काढून विश्रामबागेतच राहिले होते. तिसऱ्या दिवसापासून अवीनं कार्यशाळा सोडली. सकाळी उठायचा, बूट घालायचा, आईची भाजीची पिशवी घेऊन दारात बसायचा आणि म्हणायचा, "कोरेगाव." रात्री बूट काढू द्यायचा नाही. पिशवीला हात लावला तर ओरडायचा. आम्ही सगळे समजूतदारपणे म्हणायचो, आईची आठवण येतेय बिचाऱ्याला, पिशवी राहू दे त्याच्याजवळ. असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी अण्णा घरी आले. चहा घेतला नाही. अवीच्या समोर, दाराच्या पायरीवर बसले. "पिशवीत काय हाय, इचारलंसा का कुनी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, काही नसेल, आईची आहे म्हणून घेऊन बसतो. "इचारलं न्हाई मंग," अण्णा म्हणाले आणि अवीकडं वळले. "अवी, पिशवीत काय हाय रं? दावतोस?" आणि थांबले. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि मी दर मिनिटाला त्याकडं बघत होते, म्हणून खात्रीनं सांगते, नऊ मिनिटं. नवव्या मिनिटाला अवीनं पिशवीत हात घातला आणि आईची चप्पल बाहेर काढली. एक, मग दुसरी. दोन्ही पायरीवर नीट जोडून ठेवल्या, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आई. पाय भाजतंय."

आई चप्पल न घालता कोरेगावला गेली होती. चैत्राच्या उन्हात. आणि घरातल्या शहाण्या माणसांपैकी कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणून तो सतरा दिवस बूट घालून तिला चप्पल पोचवायला निघाला होता... मी आत जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा अण्णा डोळे पुसत होते आणि तरीही, माझ्यानं हे विसरणं शक्य नाही, त्यांच्या चेहऱ्यावर तोच चौकस भाव होता. "का असंल, ते आता कळलं," म्हणाले. "उद्या ह्याला कोरेगावला न्यायचा." मी म्हणाले, अहो, तिथं आई कुठाय? "म्हून तर न्यायचा. आई न्हाई, ते त्येच्या डोळ्यानं बघू दे."

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं कोरेगावला गेलो. अवी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी. मामांच्या घरी पोचल्यावर अण्णा त्याला म्हणाले, "बघ जा, हाय का," आणि हात मागं बांधून अंगणात उभे राहिले. अवी स्वैपाकघरात गेला, माजघरात गेला, गोठ्यात जाऊन पेंडीच्या पोत्यांमागं वाकून बघितलं, गच्चीवर गेला. प्रत्येक ठिकाणाहून परत येऊन अण्णांना सांगायचा, "न्हाई." मामी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आवं, पोराला असं का भुलवताय? कसली तपासनी ही?" अण्णा म्हणाले, "भुलवून झालंय, वयनी. आता निस्तरतोय." मामा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, कडक माणूस. अवी कुलूप लावलेल्या खोलीपुढं उभा राहिलेला त्यांनी पाहिला, खिशातून किल्ली काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. "ही बी बघ, बाळा," म्हणाले. आत बियाण्याची पोती होती. अवीनं बघितलं. "न्हाई."

मग अण्णांनी त्याला पायरीवर बसवलं आणि एकेक वाक्य सावकाश सांगितलं. "अवी, आई मेली. दवाखान्यात. तिचं अंग बंद पडलं. ती हितं न्हाई, सांगलीत न्हाई, कुठंच न्हाई. तिला आता पाय भाजत न्हाईत. ताईनं तुला खोटं सांगितलं, कारन ताईला लय रडू येत हुतं." शेवटचं वाक्य ऐकून मला संताप आला. माझी बाजू माझ्या भावाला सांगणारे हे कोण? पण अवी माझ्याकडं वळून बघत होता. "ताई खोटं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, हो रे. खोटं सांगितलं. परतीच्या गाडीत मसूर स्टेशन यायच्या आत त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाकाखाली ठेवले आणि पिशवीवर डोकं ठेवून झोपला. त्याचे पाय सुजले होते. अण्णा ते कऱ्हाडपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

तर आता त्याच अण्णांची बातमी त्याच अवीला मी सांगायची होती. कार्यशाळेत पोचले तेव्हा दुपार झाली होती. अवी दारातच होता. मी अण्णांचं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले, आणि इतकं बुटकं असेल असं वाटलं नव्हतं मला, गुडघे हनुवटीला लागले. "अवी, अण्णा मेले," मी म्हणाले. "सकाळी. त्यांच्या घरी." आणि गप्प बसले. गप्प बसणं किती अवघड काम आहे हे अण्णांनी मला सांगितलं नव्हतं. अवीनं माझा चेहरा नीट तपासला, जसा तो बोल्टचा आटा तपासतो तसा. मग विचारलं, "ताई खोटं?"

सहा वर्षं झाली होती, आणि तो विसरला नव्हता. त्याला राग नव्हता, नुसतं विचारत होता. "नाही," मी म्हणाले. "या वेळी खरं." तो उठला. "बघू," म्हणाला.

अण्णांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. अंगणात माणसं जमलेली, अण्णा आतल्या खोलीत. आम्हाला बघून कुणीतरी कुजबुजलं, ह्याला कशाला आणलाय. पण अण्णांच्या पत्नी, शांतावहिनी, सरकून बसल्या आणि शेजारची जागा हातानं पुसली. "ये अवी. बस. बघ तुज्या अन्नास्नी." अवी बसला. अण्णांचा हात धरून बघितला, सोडला, परत धरून बघितला. मग एकदम उठून बाहेर गेला. मला वाटलं संपलं, आता पळतोय. तर तो दाराशी वाकून चपलांच्या ढिगात काहीतरी शोधत होता. अण्णांच्या जाड कोल्हापुरी चपला घेऊन तो आत आला आणि त्या त्यांच्या पायांशी जोडून ठेवल्या. एक म्हातारे गृहस्थ खेकसले, तसं शांतावहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्येला ठावं हाय त्यो काय करतोय." न्यायची वेळ होईस्तोवर त्या चपला तिथंच राहिल्या. परत येताना वाटेत अवी म्हणाला, "ताई खरं." मी रस्त्यातच उभी राहून रडले. तो शेजारी उभा राहिला, माझं आवरेपर्यंत.

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. मधल्या शनिवारी गेले तेव्हा रेखाताईंनी सांगितलं की अवी रोज सकाळी कामाला बसायच्या आधी एक फेरी मारतो. मला ती बघायची होती, म्हणून यावेळी लवकर गेले. गाडीतली पुढची सीट, नळाचा कट्टा, फाटकासमोरचा चहाचा गाडा, जिथं अण्णा तंबाखू मळत उभे राहायचे तो विजेचा खांब. प्रत्येक ठिकाणी तो थांबतो, बघतो आणि म्हणतो, "न्हाई." रडत नाही, हाक मारत नाही. का करत असेल हे? खात्री करून घेतो? की नसलेल्या माणसाला भेटायची हीच त्याची रीत? मला माहीत नाही, आणि ज्यांना हा प्रश्न विचारला असता ते टाळी देऊन म्हणाले असते, बघू की, सहा महिन्यांनी कळंल.

फेरी संपवून तो आत आला. खिडकीशी ते स्टूल अजून आहे, वर खिळ्याला हातमोजे आहेत. नव्यानंच यायला लागलेली मंगल नावाची एक बाई, असेल चाळिशीची, खाली बसून सँडलचा पट्टा अडकवायला बघत होती. पट्टा बकलापर्यंत यायचा आणि निसटायचा. अवी जाऊन स्टुलावर बसला, तिच्या समोर. तिसऱ्यांदा पट्टा निसटला तसा माझा हात पुढं गेला. एवढं सगळं होऊनही, गेलाच. अवीनं मंगलच्या बोटांवरची नजर न काढता माझं मनगट धरलं.

"थांबा, ताई."

पट्टा लागायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पण मी त्याकडं बघितलंच नाही.